बाण कोणाच्या दाराकडे

प्रिय श्रीनाथ,

समोरच्या दारात राहणाऱ्या सख्ख्या भावाला टपालाने पत्र पाठवणारा मीच पहिला शहाणा असेन. आधी रिकाम्या पाकिटावर पत्ते लिहून तिकीट घ्यायला गेलो, तर पोस्टातल्या बाबूने ते दोन्ही वाचले आणि म्हणाला, ‘अंकल, गली तो एक ही है, हाथ में पकड़ा दो ना.’ तात्या गेल्यापासून आपलं बोलणं बंद आहे, हे काय पोस्टाच्या खिडकीत सांगायचं? मी तिकीट चिकटवलं आणि घरी येऊन लिहायला बसलो.

विषय पाटीचा आहे, तू ओळखलंच असशील. रस्ता रुंद झाला, मधे डिवायडर आला आणि आपली गल्ली कोणाला दिसेनाशी झाली. महाराष्ट्रातली मंडळी नानाखेड्याच्या बसस्टँडवर उतरतात आणि ऑटोवाले त्यांना कमिशन देणाऱ्या हॉटेलात नेऊन सोडतात. तात्यांच्या काळी मराठी जेवण कुठे मिळेल असं विचारलं, की देवास गेटचा पानवालाही आपल्या गल्लीकडे हात करायचा. आता ते पानाचं दुकानच रस्त्यात गेलं. मोठ्या रस्त्यावर बाण काढलेली सरकारी पाटी लागली, तर दोघांपैकी एकाची खानावळ तगेल. नाही लागली तर दोघांनीही शटर ओढायचं, एवढा साधा हिशेब आहे.

आणि आपण काय केलं? एकमेकांना न सांगता दोघांनी पाटीसाठी सरकारी कार्यालयात अर्ज दिले. जागेचा फोटो, नकाशा, सगळं. फोटोत तुझ्या दारावर ‘असली तात्या भोजनालय’, माझ्या दारावर ‘सबसे पुराना तात्या भोजनालय’! झुणक्यात कांदा घालायचा की यात्रेकरूंसाठी कांदा-लसूण बंद करायचा, यावरून वेगळ्या झालेल्या चुली आपल्या. तात्या असते तर दोघांनाही पळी फेकून मारली असती. मी माफीबिफी मागत नाहीये हं. झुणका कांद्याशिवाय होत नाही, हे मी मरेपर्यंत म्हणेन.

जागा बघायला साहेब आले ते नेमके जेवणाच्या वेळी. इथे दुसरी खानावळ आहे का, असं त्यांनी मला विचारलं. मी छातीठोकपणे सांगितलं, छे, समोर नुसती नक्कल आहे. तुझ्याकडे जाऊन त्यांनी तेच विचारलं आणि तूही तेच सांगितलंस. बापाच्या नावाची नक्कल म्हणे! गल्लीच्या मधोमध उभं राहून ते म्हणाले, ‘भाईसाब, तीर तो एक ही लगेगा. किधर मोड़ना है, आप लोग तय कर लो.’ पाठोपाठ दोघांनाही कळवलं गेलं, की एकाने लेखी माघार घेतल्याशिवाय पाटी लागणार नाही. शोभा तेव्हा म्हणाली होती, जा ना, भावजींशी बोला, खाणार आहेत का ते तुम्हाला? मी गेलो नाही. पुढच्या महिन्यात तीच गेली.

तिची खुर्ची अजून चुलीपाशी आहे. गुडघे दुखायला लागल्यापासून बसूनच फोडणी द्यायची. आता महाराज ठेवलाय. तो वरणात इतकी साखर घालतो, की इंदूरहून आलेला माणूसही तोंड वाकडं करतो. गिऱ्हाईक जेवून उठतं, पैसे देतं आणि काही बोलत नाही. पूर्वी माणसं आत डोकावून शोभाला ‘वहिनी, येतो’ म्हणून जायची. मला तर भूक लागल्याचंही कळत नाही हल्ली.

तिच्या त्या तेरा दिवसांबद्दल मला लिहायचं आहे. माझं दार बंद असणारच होतं. पण तुझंही शटर खाली होतं. श्रावण ऐन भरात, महाकालाच्या सवारीला आलेली माणसं गल्लीत शिरत होती, दोन्ही बंद दारं बघून परत फिरत होती. मी ओट्यावर बसून बघत होतो. तू उघडलं असतंस तर कोणी नाव ठेवलं नसतं, चुली तर कधीच वेगळ्या झाल्या होत्या. सगळं गिऱ्हाईक एकट्या तुझं झालं असतं. तू सुतक पाळलंस. रोज तुझी लेक मीरा पिठलं-भात आणून उंबऱ्यावर ठेवून जायची. तू आला नाहीस. तुझ्या वरच्या खिडकीत मात्र पूर्ण तेरा दिवस मला तू दिसत होतास, दाढी वाढलेला, अगदी तात्यांसारखा.

काल मी कार्यालयात जाऊन माघार लिहून दिली. बाण तुझ्या दाराकडे वळेल. दिवाळीनंतर मी शटर ओढतोय आणि भांडी तुझ्याकडे पाठवतोय, मोठी पातेली तुला लागतील. उपकार वगैरे समजू नकोस, शोभाशिवाय मला हे झेपत नाही, एवढंच. पत्र त्यासाठी नव्हतंच लिहायचं. माघारीचं तर तुला कार्यालयाकडूनही कळलं असतं. मला विचारायचं वेगळंच होतं आणि समोर उभं राहून ते विचारायची माझी हिंमत नाही. हे पत्र मिळेल त्याच्या दुसऱ्या दिवसापासून दुपारी तुझ्याकडे जेवायला येऊ का? गिऱ्हाइकांच्या पंगतीत कोपऱ्यात बसेन, बोलायलाच हवं असं काही नाही. फक्त मीराला पाठवू नकोस. माझं ताट तू वाढ.

तुझाच,
प्रकाशदादा