एडनाबाईंचं उत्तर मी खोडलं नाही

ग्रिम्सबी, २१ एप्रिल १९७९

प्रिय बाबा,

मी ठणठणीत आहे, हे आधी वाचा. तुमचा गुडघा कसा आहे? यंदा मेंढ्यांना पिल्लं किती झाली?

निवडणुकीच्या पाहणीचं माझं काम गेलं. दारोदार जाऊन विचारायचं होतं, कोणता पक्षनेता खंबीर वाटतो आणि कोणता प्रामाणिक. एडना ब्लँचर्ड नावाच्या विधवा बाईंनी मला आत बोलावून चहा दिला. म्हणाल्या, "खंबीर? माझा नवरा खंबीर होता, पोरी. वादळाचा इशारा असताना बोट काढायचं त्याने एका मिनिटात ठरवलं. तो गेला आणि पाच जणांना घेऊन गेला. या नेत्यांतला एक तरी कधी 'माझं चुकलं' म्हणालाय का? तोवर 'सांगता येत नाही' असंच लिही."

मी तसंच लिहिलं.

संध्याकाळी आमचे साहेब पिकर्सगिल वैतागले. "'सांगता येत नाही' फार झालेत. कुणाच्या तरी नावापुढे खूण कर. त्या म्हातारीला काय कळणार आहे?"

"मला कळेल," मी म्हणाले.

"मग सोमवारपासून येऊ नकोस."

कागद तसाच त्यांच्या टेबलावर ठेवून मी जिना उतरले बाबा, पण खूण केली नाही.

आता मासळीच्या कारखान्यात लागले आहे. हात गारठतात, पण सोबतच्या बायका मायाळू आहेत.

गावात कुणी विचारलं तर इशबेलने नोकरी सोडली असं सांगू नका. तिला काढून टाकलं म्हणून सांगा, आणि कशासाठी तेही सांगा.

तुमची हट्टी लेक,
इशबेल