चौदा नंबरची ट्यूब

प्रिय नचिकेत,

तू मला ब्लॉक केलंस, म्हणून ही चिठ्ठी तुझ्या रूममेटच्या, साकेतच्या हाती गुरुग्रामला धाडतेय. तू वाचेपर्यंत समोरून हलायचं नाही, असं त्याला बजावलंय. चिडू नकोस साकेतवर.

इथे दिल्लीत माझी मुनिरकातली खोली तशीच आहे आणि माझे पोहे अजून चिकटच होतात. बाकी दिवसभर लॅब. आठवतं, फेब्रुवारीत आम्हाला निरोगी माणसांची सॅम्पल्स कमी पडत होती आणि तू शनिवारची झोप मोडून मेट्रोने आलास? लघवीची बाटली हातात देताना केवढा लाजलास! मग माझं सोन्याच्या कणांचं लाल पाणी बघून म्हणालास, हे कसलं सोनं, हे तर कोकम सरबत. सोन्याचे कण फार बारीक केले की लालच दिसतात, हे मी तुला तीनदा समजावलं. कणांवर आम्ही एक आवरण चढवतो. कॅन्सरची गाठ वाढताना एक एंझाइम जोर धरतं, ते लघवीत उतरतं आणि हे आवरण कातरतं. मग कण एकमेकांना चिकटतात आणि पाणी निळं होतं. चलो, माझं लालच राहणार, म्हणालास तू.

एप्रिलमध्ये आपण भांडलो. "तुझ्या बाटल्यांशीच लग्न कर," म्हणालास. फार लागलं रे ते.

त्याच आठवड्यात चौदा नंबरची ट्यूब निळी झाली. काच नीट धुतली नसली तरी पाणी निळं होतं, आणि मी तेव्हा रडत रडत भांडी धूत होते. माझीच चूक असं धरून मी चौदावर काट मारली. पुन्हा करायला हवं होतं. पण तो नंबर कुणाचा ते मला ठाऊक होतं आणि ती बाटली मला हातात घ्यायची नव्हती.

आता रिसर्च पेपर लिहायला बसलो, तर माझ्या गाइड मॅडम म्हणाल्या, काट मारलेली सगळी पुन्हा कर. काल फ्रीजरमधलं उरलेलं सॅम्पल काढलं. नवी भांडी, तीन वेळा. तिन्ही वेळा निळं. मॅडमना सगळं सांगितलं. हा अजून नुसता प्रयोग आहे, साध्या इन्फेक्शननेही असं होऊ शकतं, म्हणाल्या. पण त्याला डॉक्टरकडे पाठव, उशीर नको.

म्हणून हे पत्र. परत ये म्हणायला नाही. गुरुवारी साडेदहाला युरॉलॉजिस्टची वेळ घेतलीय, पत्ता साकेतकडे आहे. मी गेटवर उभी असेन. मी नको असेन तर त्याला घेऊन जा, पण जा. भीती वाटतेय रे मला. चार महिने मी घालवलेत, तू आता एक दिवसही घालवू नकोस.

तुझीच, तुला मान्य नसलं तरी,
वल्लरी