पांढरी गोळी

१४ जून १९७६, सोमवार

मामंजींचं लिव्हर बिघडलंय, कावीळ झालीय, म्हणून महिनाभर स्वयंपाकात हळद नाही, पिवळं काहीच नाही. पाठ दुखते म्हणाले तेव्हा मात्र कोपऱ्यावरच्या दुकानातून पांढऱ्या गोळ्या आणून मीच दिल्या. आज काळी संडास झाली. डॉक्टर भडकले, "ॲस्पिरिन असली तर पोटात रक्तस्राव होतो. दुसरी गोळीसुद्धा मला विचारूनच द्यायची. कुठली दिलीत?" काय सांगू? दुकानदारानं सुट्या, पुडीत बांधून दिल्या होत्या. सासूबाई म्हणाल्या, "पांढरी गोळी कशी बाधंल? पिवळं तर काय दिलं न्हाय की!" मलाही तसंच वाटलं होतं ना? पुन्हा कण्हले तर काय देऊ?

उरलेल्या दोन गोळ्या डॉक्टरांना दाखवायला मसाल्याचा डबा उघडला. हळद काढून घासूनपुसून ठेवलेल्या वाटीतच मी त्या ठेवल्या होत्या.