यादीत नसलेली

प्रिय पंडित,

भट्टी आत्ताच विझवली. नखांत अजून पीठ आहे, तेव्हा कागदाला डाग पडतील, चालवून घे.

तुझ्या पुस्तकाचं कौतुक मलाही आहे रे. मी पीठ मळायची आणि तू स्टुलावर बसून जुन्या धर्मग्रंथातलं वाचून दाखवायचास. देवानं सहा दिवस खपून जग घडवलं, सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून माणसानंही घ्यायचा. त्याच ग्रंथात दुसऱ्या जागी म्हटलंय, तुम्हीही कधी गुलाम होतात, तेव्हा गड्यालाही बसू द्या. मुलगा, मुलगी, गडी, मोलकरीण, बैल, दारचा परका, सगळ्यांना सुट्टी. गाढवालासुद्धा, म्हणून तू किती खूश झाला होतास!

मग ती चष्मेवाली आली, तुला टिपणं काढून द्यायला. तेव्हापासून तुझी सुट्टी कॉलेजच्या ग्रंथालयात. विसाव्यावर पुस्तक लिहितोस आणि घरात दिव्याखाली अंधार. परवा जेवताना म्हणालास, चष्मेवालीनं काय पकडलं बघ, त्या यादीत बायको नाहीच! काय डोकं आहे म्हणे पोरीला! अरे, या घरात मी यादीत नाही हे मला कधीचं ठाऊक आहे, त्याला चष्मा कशाला लागतो?

जळते मी. हो, जळते! गेल्या सुट्टीला गरम पाव घेऊन मी ग्रंथालयात आले होते, तुला कळलंही नाही. खिडकीतून दिसलं, तू संत्रं सोलत होतास, एकेक शीर काढून, आणि फोडी तिच्यापुढे ठेवत होतास. त्यात वाईट काही नव्हतं, ती लेकीच्या वयाची आहे, एवढं कळतं मला. पण लग्नानंतर दर सुट्टीला तू माझ्यासाठी असंच सोलायचास, कारण माझी बोटं भट्टीनं भाजलेली असायची आणि सालीचा रस झोंबायचा. पाव मी दारावरच्या पहारेकऱ्याला देऊन टाकला. त्यानं बिचाऱ्यानं दोनदा आभार मानले.

तर पत्र एवढ्यासाठी, की उद्या सुट्टी आहे आणि यादीत मी स्वतःला घातलंय. दुकानाला कुलूप, चूल बंद. मी नदीकाठी ताईकडे चाललेय. तुझा डबा केलेला नाही. बायकोनं सुट्टी घेतली, हे चष्मेवालीला खुशाल टिपून घ्यायला सांग. यायचं असेल तर पुस्तक घरी ठेवून ये, आणि येताना संत्री आण. संध्याकाळपर्यंत वाट बघेन. बोटं अजूनही भाजतात माझी.

अजून तरी तुझीच,
भट्टीवाली