रिकामा डबा

मंगळवार, सांजवेळ, १९७५

अंग सुटलंय, साखर वाढलीय. मिरजेचे डॉक्टर म्हणाले होते, रोज सावकाश चाला. चालताना बोलता आलं पाहिजे, एवढ्याच बेतानं.

पण बाईमाणसानं उगीच फिरायचं कसं? गाव हसेल. म्हणून ह्यांचा भाकरीचा डबा घेऊन मीच मळ्यात जायची. "गडी पाठवायचा की," हे म्हणायचे. तरी बांधावर वाट बघत उभे.

दिवाळीला हे देवाघरी गेले. डबा अजून नेते, रिकामा. नुसत्या हातानं निघायचा धीर होत नाही. काय करणार?

आज शेजारच्या काकूंनी पाटापाशी हटकलं, "व्हय गं, आता डबा कुनाला?"

किती सावकाश चालले होते मी. तरी बोलता आलं नाही.