चाळीस सेकंद विचार करून दिलेला वजीर

तीर्थस्वरूप भावोजींना नमस्कार. (गुडघा अजून पुरता वाकत नाही, म्हणून उभ्यानेच. वाकलो असं धरून चालावं.) तुमची कंबर आणि ताईचा खोकला कसा आहे ते कळवा. इकडे आम्ही दोघं मजेत.

पत्रास कारण, मी डेटाबेस शिकलो. हसू नका. चाळीस वर्षं कात्री चालवली, आता गुडघा बदलल्यापासून नुसतं बसून काय करणार? पुस्तकातली उदाहरणं सगळी कुठल्याशा कंपनीतल्या नोकरांची. त्यांच्या रजा मोजण्यात मला काय रस? मग म्हटलं, तुम्ही नि मी रोज दुपारी फोनवर बुद्धिबळाचा एक डाव टाकतो, त्याचीच उलटतपासणी करू. फोन प्रत्येक खेळीची वेळ टिपून ठेवतो, त्यातून दोनशे बारा डाव उतरवून घेतले. एका टेबलात कोण जिंकलं ते, दुसऱ्यात हरणाऱ्याचा वजीर कसा गेला नि त्या खेळीला किती सेकंद लागले ते.

दोन्ही टेबलं जोडून विचारलं, मी किती डाव जिंकलो? उत्तर आलं, सत्तावीस हजार पाचशे साठ. खरं सांगतो, मला शंकासुद्धा आली नाही. (स्वतःबद्दलच्या चांगल्या आकड्यावर कोण शंका घेतो?) लगेच ज्येष्ठ मंडळाच्या चिटणीसांना फोन करून मोकळा झालो, आणि त्यांनी महिनाअखेरच्या रविवारच्या सामन्यात मला थेट पहिल्या पटावर बसवलं. ही मात्र स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, मग तुम्ही जेवलात कधी?"

दोन दिवस डोकं खाजवल्यावर उमगलं. शिंप्याच्या भाषेत सांगतो. कोट एका फळीवर, पँटी दुसऱ्या फळीवर, आणि जोडी लावताना गिऱ्हाइकाचा नंबर पाहायचा असतो. मी नंबर सांगितलाच नव्हता, म्हणून त्या शहाण्याने प्रत्येक कोटाला दोनशे बारा पँटी चढवल्या! डावाचा क्रमांक जुळवून पुन्हा विचारलं, तर एकशे तीस. हेही काही वाईट नाही, म्हणून तिथेच थांबायला हवं होतं. पण शिवण उसवायला घेतली की माझा हात थांबत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. ऑपरेशनच्या आधीचे डाव वेगळे काढले. एकशे चाळीसांत मी एकोणसाठ जिंकलेले. नंतरच्या बहात्तरांत एकाहत्तर! आणि त्या एकाहत्तरही डावांत तुमचा वजीर माझ्या पुढ्यात आयता उभा. ती खेळी करायला तुम्ही सरासरी चाळीस सेकंद घेतलेत. भावोजी, चूक दोन सेकंदांत होते. माझी तर एकाच सेकंदात होते, टेबलात लिहिलंय. चाळीस सेकंद लागतात ते समोरच्याला कळू न देता हरायला.

रागावलो नाही. उलट त्या दुपारचा चहा जरा जास्तच गोड लागला. पण रविवारी माझ्यासमोर एक निवृत्त हवालदार बसणार आहेत, आणि त्यांना माझ्या गुडघ्याची दया येण्याचं काहीच कारण नाही. मला नक्की किती खेळता येतं हे त्याआधी कळायलाच हवं. तेव्हा पत्र मिळाल्यापासून खरं खेळा, एवढीच विनंती. ताईला नमस्कार.

तुमचा मेहुणा

ता. क. तुम्ही जिंकलेला तो एक डाव राहिलाच. तारीख पाहिली, बारा. त्या सकाळी मी काठीशिवाय जिना चढल्याचं ताईला फोनवर सांगितलं होतं. तेराला गुडघा सुजला, आणि तुमचा वजीर पुन्हा माझ्या पुढ्यात आयता. म्हणजे टेबल तुम्हीही ठेवता, फक्त मनातल्या मनात.

आणखी ता. क. काठी आज माळ्यावर टाकली. मीच चढून. (ही खालून शिडी धरून ओरडत होती, ते सोडा.)

शेवटचं. सामन्याच्या आदल्या दिवशी माणसाला जरा धीर लागतो. त्या दिवशी वजीर द्यायला हरकत नाही. पण पटकन द्या, म्हणजे मला खरं वाटेल.