फर्नेसच्या जाळीतून येणाऱ्या बाईंना

प्रिय बाई,

तुम्हाला जाऊन कित्येक दशकं झाली, तरी तक्रार तुमच्याकडेच नोंदवणं भाग आहे. रिचमंड हिलच्या आमच्या घरात कालपर्यंत मी सकाळी देवाला गंध लावायचो, आणि नेमका त्याच क्षणी बेसमेंटमधून, घर तापवणाऱ्या फर्नेसच्या जाळीतून, तुमच्या गाण्यातला नवरा दुसरीबरोबर पळून जायचा. रोज! अशा पूजेला शास्त्रात प्रायश्चित्तही सांगितलेलं नाही. मी शोधलं.

गायची माझी मुलगी मुक्ता, गाणी तुमची, ब्लूजची. शंभर वर्षांपूर्वी तंबूतल्या खेळांत, माईकशिवाय, तुम्ही ती अमेरिकाभर गायलात.

आणि तो तुमचा गांधार! ना कोमल, ना शुद्ध. मी जिन्यावरून ओरडायचो, “मुक्ते, एक काहीतरी ठरव!”

“बाबा, दॅट्स द होल पॉइंट!”

शेवटी मी जाळीवर पुठ्ठा लावला. तुम्ही पुठ्ठ्यातूनही आलात. माईक न लागणाऱ्या बाईला पुठ्ठ्याचं काय!

आज सकाळी मुक्ता गेली. बँकेतली नोकरी सोडून, बँडच्या व्हॅनमधून, उत्तरेकडच्या बर्फाळ गावांत गायला.

“विंटर टायर्स आहेत ना?”

“येस बाबा. तिसऱ्यांदा विचारतोयस.”

“आणि राहायला खोली?”

“मिळेल रे!”

तुम्हाला कुठे मिळायची? ज्या गावाने टाळ्या वाजवल्या, तिथेच काळ्या बाईला खोली नसे. हे मला मुक्तानेच सांगितलं. पुढचंही. लोकांची आवड बदलली, थिएटरं बंद पडली, आणि तुम्ही परक्यांचे कपडे धुवायला लागलात. घरी मात्र कळवत राहिलात की दौरा छान चाललाय. असं का केलंत, बाई? निदान आईला तरी सांगायचं!

रागावत नाही. रागावणारा मी कोण? मला साधा पुठ्ठा नीट लावता आला नाही.

आज मुक्ताबरोबर तुम्हीही घरातून गेलात, आणि पूजा अगदी निर्विघ्न पार पडली. इतकी, की घंटा वाजवायचाही संकोच वाटला. पुठ्ठा काढून टाकलाय. पुन्हा लावणार नाही, हे वचन. तिने हवा तो गांधार लावावा.

टायर्सची काळजी बोलून दाखवता येते, म्हणून मी तीच बोलतो. खरी भीती वेगळी आहे. उद्या मुक्ताचं गाणं कुणालाच नकोसं झालं, तर तीही फोनवर म्हणेल, “ऑल गुड, बाबा.”

आणि मी विश्वास ठेवीन.

आपला,
श्रीधर